कॅसेटवरचं शेवटचं बदक

दम्माममध्ये हिवाळा आधी कानांना कळतो. ऑक्टोबर सरत आला की एका सकाळी कुणीतरी एसी बंद करतं, आणि सात महिने डोक्यात घरघरणारं ते यंत्र गप्प झालं की घर क्षणभर दुसऱ्या कुणाचंच वाटतं. मग खालच्या बकाल्याचं, म्हणजे किराणा दुकानाचं, शटर ऐकू येतं, मशिदीच्या नळावरचं पाणी, समोरच्या बिल्डिंगमधल्या बाळाचा खोकला. उन्हाळाभर हे सगळं होतंच, आपणच दारं लावून बसलेलो असतो. यंदाच्या त्या पहिल्या गप्प सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते आणि डोक्यावरून बदकं गेली. दिसली नाहीत, हवेत धूळ होती. पण ऐकली. माझ्या तोंडात चिमटा होता म्हणून उत्तर देता आलं नाही, नाहीतर दिलं असतं.

हसा खुशाल. मी उत्तर दिलं की बदकं वळायची, असाही एक हिवाळा होऊन गेलाय.

हा इथला माझा शेवटचा. मुलाच्या कंपनीने त्याला खलास सांगितलं. मार्चमध्ये आम्हा सगळ्यांचं फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जाणं. घरभर खोके उघडे पडलेत आणि चौदा वर्षांची नात झोया हातात मार्कर घेऊन एकेका वस्तूचा न्यायनिवाडा करत फिरते. त्या सकाळी ती बाल्कनीतलं लाकडी बदक उचलून आली. एका बाजूचा रंग उडालेला, शेपटीचा टवका गेलेला.

"दादी, ये पॅक करना है या थ्रो?"

"ठेव ते."

"बट व्हाय? डोरस्टॉपर ही तो है."

पोरीचं खरं आहे. कित्येक वर्षं ते बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणूनच तिथे बसलंय. पण घडवलं होतं ते लोकांना, म्हणजे बदकांना, खोटं सांगायला. त्या धंद्यात मीही होते. ते दिसायचं काम करायचं, मी ऐकू यायचं.

मी म्हणजे ती बया. तेवीस वर्षांची. तिला 'मी' म्हणायला माझी जीभ वळत नाही, म्हणून 'ती'च म्हणते. दाभोळच्या खाडीकाठची, लग्नानंतर दम्मामच्या एका खोलीत येऊन पडलेली, आणि तरी सगळं गाव आपल्यावर जळतंय अशी खात्री बाळगून असलेली. खोलीला एक खिडकी, तिला आतून निळा कागद चिकटवलेला. आमचे हे सकाळी सातला रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात जायचे ते रात्री इशाच्या नमाजानंतरच परतायचे. मधल्या वेळात ही बाई भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची, आणि आपण किती सुखात आहोत ते भांड्यांना सांगायची. भांडी ऐकून घ्यायची बिचारी.

दुकान ज्याचं आणि व्हिसाही ज्याच्या नावावर, तो ह्यांचा कफील अबू फहद. दांडगा, हसरा माणूस, बदकांच्या शिकारीने वेडावलेला. हुफूफच्या खजुराच्या बागा ओलांडल्या की शेतांतून वाहून आलेलं पाणी वाळवंटात साचतं. तिथे लव्हाळ्यांनी वेढलेलं एक तळं आहे, आणि थंड मुलखातली बदकं हिवाळ्यात तिथे उतरतात. उतरतात म्हणजे, आधी त्यांची खात्री पटावी लागते. ती वरून दोन-तीन फेऱ्या मारतात. खाली आपली मंडळी बसलीत का, खातायत का, निर्धास्त आहेत का, ते बघतात. अबू फहद ह्यांना म्हणाला, "इब्राहिम, तू टेपवाला. मला बदकासारखं बोलणारं यंत्र करून दे."

ह्यांनी केलं. एक भोंगा, कॅसेट वाजवायची पेटी, गाडीची बॅटरी. आता आवाज कुठला? हे बाजारात गेले आणि पिंजऱ्यातल्या विकाऊ बदकांसमोर माईक धरून अर्धा तास उभे राहिले. ती कॅसेट तळ्यावर लावली तर आधीपासून बसलेली बदकंसुद्धा उडून गेली. जाणारच की. पिंजऱ्यातलं बदक सांगून सांगून काय सांगणार? पळा म्हणूनच सांगणार.

हे घरी येऊन डोकं धरून बसले, तेव्हा भाकरी थापता थापता आमच्या शहाणीने तोंडातून आवाज काढला.

गावी आमच्या मागल्या अंगणात बदकं होती. मला त्यांच्या चार बोली यायच्या. खातानाची बडबड, भांडण, नराची घोगरी कुरकुर, आणि चौथी जरा वेगळी. संध्याकाळी बदकं खाडीतून घराकडे वळली की कधीकधी एखादी मादी पलीकडच्या काठालाच राहून जायची. ती हाक मारायची. पहिला सूर मोठा, लांब, मग पाच-सहा सूर एकेक पायरी उतरत, शेवटचा पोटातल्या पोटात. ही हाक मी इतकी हुबेहूब काढायचे की माझा धाकटा भाऊ सलीम ताटावरून उठून खाडीकडे पळायचा. मी काटक्यांच्या कुडणामागे तोंड दाबून बसलेली. गुडघाभर चिखल घेऊन परत आला की म्हणायचा, "आपा, तूच होतीस ना?" चार दिवसांनी मी पुन्हा हाक द्यायचे, तो पुन्हा पळायचा.

"किती बावळट रे तू!"

"आणि खरंच राहिलं असलं तर?"

असं होतं आमचं ते येडं.

तर, खोलीत गादी उभी करून, तोंडाशी भाताचा रिकामा टोप धरून शहाणीने चारही बोली कॅसेटवर भरल्या. मध्ये मध्ये हे घाबरून म्हणत, "अगो, हळू! शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. बदक पाळलंय म्हणून सांगा."

"आणि अबू फहदला काय सांगू? बाईचा आवाज आहे म्हणून?"

"म्हणा, इंडियन बदक आहे. म्हणून जरा जास्त बोलतं."

पुढच्या शुक्रवारी हे तिला घेऊन गेले. ती अबाया गुंडाळून लव्हाळ्यांमागे दूर उभ्या केलेल्या पिकअपमध्ये बसली. पहाट नुकती फटफटत होती. पाण्याला खारट, कुजलेल्या गवताचा वास. आणि मग पाण्यावरून तिचाच आवाज आला, भोंग्यातून मोठा होऊन. ज्या देशात भाजीवाल्याशीसुद्धा ती नवऱ्यामार्फत बोलायची, तिथे तिचा आवाज उघड्या आभाळाखाली खुशाल ओरडत होता आणि सहा मिशाळ पुरुष श्वास रोखून तो ऐकत होते. वरून बदकं आली. खाण्याच्या बडबडीवर त्यांनी फेऱ्या मारल्या, नुसत्याच. मग चौथी बोली लागली, मागे राहिलेलीची, आणि थव्याने पंख ताठ केले, पाय खाली सोडले. उतरली.

बंदुका वाजल्या तेव्हा तिने कान झाकले. पण हसत होती हो. आपल्या नकलेला टाळ्या पडल्यासारखी हसत होती.

अबू फहदने नंतर ह्यांना सांगितलं, "खाण्याचा गलबला ऐकून बदक नुसतं बघून जातं. एकटी हाक मारणारी ऐकली की मात्र उतरतं." हे तिला ह्यांनी घरी येऊन सांगितलं. तिने ह्या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं आणि विचारलं, "शाबास म्हणाला की नाही?"

पंधरा दिवसांत बदकं शहाणी झाली. आवाज येतोय, पण पाण्यावर ठेवलेली थर्माकोलची बदकं जागची हलत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. हालचाल हवी होती. ह्यांना छोटी मोटर मिळेना. दाराशी कफिलाची जुनी पिकअप उभी होती, तिच्याकडे बोट दाखवून आमची हुशार बाई म्हणाली, "त्या वायपरची काढा की. ह्या देशात वायपर म्हणजे उंटाला छत्री!" चार महिने छपरावर पाऊस झेललेली कोकणातली पोरगी ती. बिनपावसाच्या आभाळाचा तिला केवढा तोरा! हे पण हसले. मोटर निघाली आणि एका बदकाच्या पोटात बसली. त्याला जोडलेल्या दोऱ्यांनी बाकीची बदकं डावी-उजवीकडे डुलू लागली. आवाज आणि हालचाल, दोन्ही जमलं. त्या हिवाळ्यात तळ्यावर थव्यामागून थवे उतरले.

अबू फहद खूश झाला. ह्यांना म्हणाला, "माग काय हवं ते." ह्यांनी घरी येऊन विचारलं आणि ती एका श्वासात म्हणाली, "सलीमला व्हिसा."

सलीम यायला तयार नव्हता. तो तेव्हा वीस वर्षांचा, गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली होड्या बांधायला शिकत होता. त्याने पत्रात लिहिलं, 'आपा, एक होडी अर्धी झालीये, मिस्त्री म्हणतो ही तुझी पहिली.' आता एखाद्या समजूतदार बहिणीने काय केलं असतं? आमच्या बाईने कॅसेट भरली. त्या काळी इथले आम्ही सगळेच पत्राऐवजी कॅसेट पाठवायचो, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या बॅगेतून. गावी ओटीवर दहा माणसं बसून ती ऐकायची. तिने लोखंडी कपाटाचं दार आपटलं आणि सांगितलं, हा आमचा फ्रिज. ग्लासात चमचे वाजवले, हा बर्फ. खिडकीखाली कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला, ही आपली गाडी, हे बोलावतायत. मग हे सुट्टीवर गेले, सफारी सूट घालून, आणि गावभर अगदी त्या मोटरवरच्या बदकासारखे डावी-उजवीकडे डुलत फिरले. तिथेही आवाज आणि हालचाल दोन्ही झालं.

पुढच्या ऑक्टोबरात सलीम उतरला. हे दोन हिवाळे माझ्या डोक्यात आता एकच झालेत, मधला उन्हाळा कुठे गेला ते सांगता येत नाही. खोलीत पाऊल टाकून त्याने चारी भिंतींकडे पाहिलं, सरळ कपाटापाशी गेला, दार उघडून आत हात घातला.

"आपा, फ्रिज बिघडलाय गो तुझा. लुगडी गरम लागतायत."

आम्ही पोट धरून हसलो. हे सुद्धा. तिला वाटलं, झालं, मिटलं.

अबू फहदने त्याला शेतावरच्या पाण्याच्या पंपावर ठेवला आणि शिकारीच्या दिवसांत तळ्यावर. गार पाण्यात उतरायचं, खोटी बदकं मांडायची, मेलेली खरी बदकं गोळा करायची. थर्माकोलची बदकं बघून तो म्हणाला, "ही काय बदकं? ह्या तर पुऱ्या, तळायला टाकल्यासारख्या." मग खोक्यांच्या फळ्या तासून त्याने लाकडी बदकं केली, तीस-एक. प्रत्येकाच्या तळाला होडीला असतो तसा कणा. वारा कितीही फिरला तरी ती तोल सोडत नसत. गावी त्याची अर्धी होडी पावसात काळी पडत होती आणि इथे तो तीस होड्या बांधून बसला, वीतभर लांबीच्या एवढंच, पण मरण आणणाऱ्या.

तळ्यावर पहिल्यांदा भोंगा लागला तेव्हा तो जागीच हसायला लागला म्हणे. ह्यांनी त्याचं तोंड दाबलं. दुपारी जेवताना मला म्हणाला, "शेखला बदक विकतेस होय? पण ह्या कॅसेटवर ती गोष्ट नाही. तू मला पाठवलेल्या कॅसेटवरचं शेवटचं बदक सगळ्यात भारी होतं."

"त्यात कुठलं बदक? त्यात फ्रिज होता."

"होतं शेवटी. असू दे. भात वाढ."

ती भात वाढायला उठली. विचारलं नाही पुन्हा. थट्टा समजली. तिला स्वतःच्या थट्टा तेवढ्या कळायच्या.

डिसेंबरात ह्या किनाऱ्यावर सकाळी दाट धुकं पडतं. समुद्राकडून ओल येते आणि काचेवर पाणी धरतं, पावसासारखं. सलीम पहाटे फज्रच्या नमाजानंतर तीच जुनी पिकअप घेऊन निघाला होता. शिकारी मंडळी पोचायच्या आत बदकं मांडून ठेवायची म्हणून. हुफूफच्या रस्त्यावर एक ट्रक दिवे न लावता उभा होता. ह्यांना बोलावलं तेव्हा ऊन आलं होतं. ह्यांनी मला एकदाच सांगितलं. सगळ्या रस्त्यावर बदकं पसरली होती, म्हणाले. बहुतेक सरळ बसलेली.

वायपरमुळे झालं असं कुणीच म्हणालं नाही. ट्रकचीच चूक होती, पोलिसांनीही तसंच लिहिलं. मी म्हणते. वायपर नव्हता असं तरी कसं म्हणू? त्याची मोटर गाडीतच होती. मागे, बदकाच्या पोटात.

त्याला इथेच दफन केलं. इथल्या कब्रस्तानात नाव लावत नाहीत, नुसता दगड. बायका आत जात नाहीत. कितवी रांग, कुठला दगड, ते ह्यांना ठाऊक होतं. हे गेले त्याला चार वर्षं झाली, त्यांच्याबरोबर तेही गेलं. गावाहून आईने एकच पत्र धाडलं, शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. त्यात एक ओळ होती, 'तू बोलावलंस म्हणून गेला.' पुन्हा कधी म्हणाली नाही. तिच्यासमोर मी नंतर वीसदा बसले असेन, तिने मला मासे कापून दिले, डोक्याला तेल लावलं, आणि दोघीही ती ओळ ओलांडून बोलत राहिलो.

मला अडतीस वर्षं एवढं एकच कळून घ्यायचं होतं, की तो माझ्या खोट्याला भुलून आला का. विचारायचं कुणाला? त्याच्या ट्रंकेत, लुंगीत गुंडाळलेली ती कॅसेट मिळाली होती. येताना तो ती सोबत घेऊनच आला होता. मी ती कधी लावली नाही. दुःख म्हणून नव्हे. मला त्या बाईचा आवाज सोसत नाही.

ती ट्रंक परवा झोयाने उघडली. ह्यांनी शेवटपर्यंत तेल-पाणी केलेला एक टेपरेकॉर्डर अजून चालतो. तोवर तिला बदकांची अर्धीमुर्धी गोष्ट मी सांगितली होती, हसण्यापुरती. तिने लगेच फोनवर शोधून पाहिलं आणि मला धमकावलं, "दादी, आवाजाची मशीन लावून शिकार आता अलाउड नाहीये. यू आर अ क्रिमिनल!" म्हटलं, बेटा, ते मला तुझ्या फोनच्या आधीपासून माहीत आहे.

तिने बटण दाबलं.

"सलीम, कसा आहेस रे? इथे सगळं आहे बघ..." पातळ, चिरका, भलताच आनंदी आवाज. झोयाने डोळे विस्फारले. "दादी, ये तुम हो? तू तर पक्की इन्फ्लुएन्सर!" कपाट आपटलं. "ऐकलंस? फ्रिज!" झोया गादीवर लोळायला लागली. चमचे वाजले. हॉर्न वाजला. मीही हसत होते, खोटं कशाला बोलू? इतकं वाईट सोंग जगात कुणी केलं नसेल. मग "खुदा हाफिज", आणि खट्.

मी बंद करायला हात पुढे केला. पण फीत फिरतच होती. ते खट् भलत्याच बटणाचं होतं. खोलीतल्या कूलरची घरघर ऐकू येत होती, तिच्या सपातांचा आवाज, चुलीवर भात रटरटत होता. बराच वेळ तेवढंच. आणि मग आली. पहिला सूर मोठा, लांब. मग पाच-सहा, एकेक पायरी उतरत. शेवटचा पोटातल्या पोटात.

मी त्या दिवशी तालीम केली नव्हती. तोंडाशी धरायचा टोप तर चुलीवर होता.

पुन्हा एकदा, तसेच सूर. आणि त्यानंतर नाक ओढल्याचा आवाज. बदकं नाक ओढत नाहीत.

झोयाचं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटत होतं, कारण बदक आत, खोक्यात होतं. तो माझ्या खोट्याला भुलून आला असता तर किती बरं झालं असतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"दादी," ती हळूच म्हणाली, "ये कौन सा वाला था?"

"हे? हे पलीकडे राहिलेलं."

"फिर?"

"मग काय," मी म्हटलं, "त्याला शोधायला कुणीतरी येतंच."